ट्रॅकबॉल आणि त्याची भावंडं : दाखवण्याच्या साधनांविषयी

गेल्या दोन व्याख्यानांत आपण शब्दप्रामाण्याबद्दल बोललो. त्यानंतर एका श्रोत्याने विचारलं होतं, की शब्द बाजूला ठेवून नुसतं बोट दाखवलं तर ते ज्ञान होतं का? प्रश्न चांगला आहे आणि जुना आहे. पण आज त्याचं उत्तर आम्ही जरा आडवाटेने देणार आहोत. टेबलावर ही वस्तू ठेवली आहे ती मागच्या रांगेत दिसत नसेल, म्हणून सांगतो. हा ट्रॅकबॉल आहे. एका बशीसारख्या खोबणीत बसवलेला गोळा, बाजूला बटणं. तीस वर्षांच्या आसपास आम्ही असली साधनं वापरत आलो आहोत आणि आमचा त्यांच्यावर जीव आहे. आता तत्त्वज्ञानाच्या माणसाचा संगणकाच्या गोळ्याशी काय संबंध, असं काहींना वाटेल. सांगतो.

आधी बोट दाखवण्याबद्दल. आपल्याकडे लग्नात नवरा-नवरीला अरुंधती दाखवतात. अरुंधती हा बारीक तारा, चटकन दिसत नाही. म्हणून आधी जवळचा ठळक तारा दाखवायचा, नजर तिथे स्थिरावली की म्हणायचं, हा नव्हे, त्याच्या शेजारी बघ. यालाच अरुंधतीदर्शनन्याय म्हणतात, आणि शंकराचार्यांनी ब्रह्मसूत्रभाष्यात तो वापरला आहे. दुसरा शाखाचंद्रन्याय. फांदीवर चंद्र आहे असं सांगतात. चंद्र फांदीवर नसतो, पण नजर बरोबर पोचते. म्हणजे बघा, दाखवणं ही एका झटक्यात होणारी गोष्ट नाही. आधी ढोबळ, मग बारीक. शिवाय ती फसवीही असते. विट्गेनश्टाइनने हाच मुद्दा लावून धरला होता : मी दोन सुपाऱ्यांकडे बोट करून 'हे दोन' म्हटलं, तर समोरच्याला कसं कळावं की मी संख्येबद्दल बोलतोय, रंगाबद्दल नाही, किंवा 'दोन' हे त्या सुपाऱ्यांचंच नाव नाही? (त्याच्या पुस्तकात कठीण कवचाची फळं आहेत, सुपाऱ्या आमच्या.)

हे डोक्यात ठेवा आणि १९४६ सालच्या इंग्लंडमध्ये चला.

युद्ध नुकतंच संपलं होतं. ब्रिटिश नौदलासाठी राल्फ बेंजामिन नावाचा एक तरुण अभियंता काम करत होता. मूळचा जर्मनीचा, नाझी राजवटीमुळे निर्वासित होऊन इंग्लंडला आलेला. प्रश्न असा होता : रडारच्या काचेवर ठिपके दिसतात. त्यातला कुठला ठिपका शत्रूचं विमान आणि कुठला आपलं, हे माणसाला कळतं. पण 'हा ठिपका' हे यंत्राला सांगायचं कसं? यंत्राला बोट दिसत नाही. तेव्हा जॉयस्टिक वापरत. बेंजामिनला ते ओबडधोबड वाटलं. त्याने धातूचा एक गोळा घेतला आणि रबर लावलेल्या दोन चाकांवर बसवला. गोळा फिरवला की एक चाक आडवी हालचाल मोजतं, दुसरं उभी. त्याला तो 'रोलर बॉल' म्हणत असे. १९४७ मध्ये पेटंट झालं, पण सगळं लष्करी गुपित. तेव्हा जगाला काही कळलं नाही.

पुढे १९५२ मध्ये कॅनडाच्या नौदलासाठी फेरांटी कॅनडा या कंपनीत डेटार नावाच्या प्रकल्पावर काम चालू होतं. टॉम क्रॅन्स्टन, फ्रेड लाँगस्टाफ आणि केन्यन टेलर या मंडळींनी पुन्हा तसाच गोळा केला. यातली गंमत म्हणजे त्यांनी गोळा बाजारातून आणला. कॅनडात फाइव्ह-पिन बोलिंग नावाचा खेळ आहे, त्याचा चेंडू अमेरिकी बोलिंगच्या चेंडूपेक्षा लहान, तळहातात मावणारा आणि त्याला बोटं घालायची भोकं नसतात. तोच चेंडू त्यांनी यंत्रावर बसवला. हेही गुपितच राहिलं, आणि प्रकल्पही पुढे गुंडाळला गेला. आम्हाला ही गोष्ट फार आवडते. युद्धनौकेवरचं अत्याधुनिक यंत्र आणि त्याच्या डोक्यावर खेळाच्या मैदानातला चेंडू!

आता माऊसकडे येऊ. पुष्कळांना वाटतं की आधी माऊस आला आणि मग कोणीतरी त्याला उताणा पाडून ट्रॅकबॉल केला. कालक्रम उलटा आहे. डग्लस एंगलबार्ट कॅलिफोर्नियात स्टॅनफर्ड रिसर्च इन्स्टिट्यूटमध्ये होता. त्याच्या कल्पनेवरून बिल इंग्लिशने १९६४ मध्ये पहिला नमुना बनवला : लाकडी ठोकळा, वर एक बटण, खाली एकमेकांना काटकोनात बसवलेली दोन चाकं. गोळा नव्हताच. नावाचं म्हणाल तर ते कोणी ठेवलं हे एंगलबार्टलाही सांगता येत नसे. मागे शेपटीसारखी वायर, म्हणून उंदीर. गणपतीच्या गावातल्या माणसांना या नावाचं वावडं असायचं कारण नाही, पण मराठीत त्याला कोणी उंदीर म्हटलं नाही, माऊसच म्हटलं. एवढ्या मोठ्या देवाचं वाहन टेबलावर सरपटवायचं म्हणजे जरा संकोच वाटला असेल. (हशा)

एंगलबार्टच्या गटाने जे केलं त्यातलं आम्हाला सगळ्यात मोलाचं वाटतं ते माऊस बनवणं नव्हे. त्यांनी परीक्षा घेतली. प्रकाशलेखणी, म्हणजे लाइट पेन, जॉयस्टिक, ग्राफाकॉन नावाचं एक हाताचं साधन, माऊस, आणि टेबलाखाली बसवलेला एक दांडा, जो गुडघ्याने हलवायचा. माणसांना बसवून प्रत्येक साधनाने पडद्यावरचा शब्द निवडायला लावलं, वेळ मोजला, चुका मोजल्या. १९६७ मध्ये हे प्रसिद्ध झालं. सरावलेल्या माणसांच्या हातात माऊस चांगला ठरला. पण नवख्या माणसांच्या बाबतीत गुडघ्याच्या दांड्याने मोठं आश्चर्य दाखवलं, तो त्यांना भलताच जमला. माणूस गुडघ्यानेही दाखवू शकतो! हे ऐकायला विनोदी वाटतं, पण 'दाखवणं हे बोटाचं काम' हा आपला समज तिथे कोसळतो. सांख्यांनी पाच कर्मेंद्रियं सांगितली, त्यात पाणि आणि पाद वेगळे मोजले. दर्शक इंद्रिय असं वेगळं कुठलं सांगितलं नाही, ते योग्यच म्हणायचं. ज्या अवयवाला सराव होईल तो दाखवू लागतो.

९ डिसेंबर १९६८ ला सॅन फ्रान्सिस्कोतल्या परिषदेत एंगलबार्टने दीड तासाचं प्रात्यक्षिक दिलं, ते प्रसिद्धच आहे. पण त्याच्या दोन महिने आधी, ऑक्टोबर १९६८ मध्ये, जर्मनीत टेलिफुंकेन कंपनीच्या पत्रकात 'रोलकुगेल' नावाची वस्तू आली होती. तिथे राइनर मालेब्राइन आणि त्याचे सहकारी हवाई वाहतूक नियंत्रणासाठी टेबलात बसवायचा ट्रॅकबॉल करत होते. मग त्यांना सुचलं की टेबलाला भोक पाडण्यापेक्षा गोळाच पालथा घालून हातात का देऊ नये? गोळ्याचा माऊस तो असा झाला. पेटंटसाठी गेले तर नवेपणा पुरेसा नाही म्हणून ते नाकारलं. म्हणजे आपण ज्याला माऊस म्हणत आलो, तो गोळा पोटात घेऊन फिरणारा प्राणी, तो पालथा घातलेला ट्रॅकबॉल आहे. अमेरिकेत बिल इंग्लिशनेही झेरॉक्स कंपनीच्या पालो आल्टो इथल्या केंद्रात गेल्यावर १९७२ च्या सुमारास चाकांच्या जागी गोळा आणला. पहिला कोण, या वादात आम्हाला फारसा रस नाही. गुपितं फुटायच्या आधीच तीन देशांत एकच गोष्ट सुचते, तेव्हा ती गोष्ट हाताच्या रचनेतच कुठेतरी दडलेली असते, एवढं मात्र वाटतं.

आमच्या विभागात १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला संगणक आला. चपला बाहेर काढून आत जायचं, यंत्रावर प्लास्टिकचा झगा. विंडोज आल्यावर माऊस आला. संस्कृतचे एक ज्येष्ठ प्राध्यापक त्याला दोन्ही हातांनी धरत, टेबलाची कड आली की थांबून आमच्याकडे बघत, आता पुढे रस्ता नाही! उचलून परत मागे ठेवायचा असतो हे कोणाला उपजत कळत नाही. मग सगळ्यांना पत्त्यांचा सॉलिटेअर खेळायला बसवलं. विंडोज ३.० बरोबर १९९० पासून तो फुकट यायचा. बटण दाबून धरून ओढायला शिकवणारा त्याच्यासारखा मास्तर आम्ही पाहिला नाही.

त्या माऊसच्या पोटात रबर चढवलेली लोखंडी गोळी असायची. आत काटकोनात दोन बारीक रूळ, तिसरा स्प्रिंगवाला रूळ गोळीला दाबून धरायला. रुळांच्या टोकाला फटी पाडलेल्या चकत्या, एका बाजूला अवरक्त प्रकाशाचा दिवा, दुसऱ्या बाजूला प्रकाश ओळखणारं साधन. चकती फिरली की प्रकाश दिसतो, लपतो, दिसतो, लपतो. यंत्र ते मोजतं. दिशा कळावी म्हणून दोन संवेदक किंचित मागेपुढे बसवलेले असतात, आधी कुणाला दिसलं यावरून उजवं-डावं ठरतं. साधी युक्ती आहे, पण सुंदर आहे. आणि धूळ! टेबलावरची सगळी धूळ गोळी आत घेऊन जायची आणि रुळांवर काळ्या पट्ट्या चढायच्या. बाण अडखळू लागायचा. आमचे शिपाईमामा येऊन सांगत, "सर, उंदराच्या पोटात कचरा झालाय." खालची चकती फिरवून गोळी बाहेर काढायची आणि काडेपेटीच्या काडीने रूळ खरवडायचे. त्या कामात एक समाधान होतं. हल्लीच्या प्रकाशावर चालणाऱ्या माऊसला साफ करायला काही नाही, म्हणून त्याच्याशी ओळखही होत नाही.

हायडेगरने १९२७ मध्ये हातोडीचं उदाहरण दिलं. सुतार काम करत असतो तेव्हा हातोडी त्याच्या लक्षात नसते, खिळा असतो. हातोडी तुटली की ती 'वस्तू' म्हणून समोर उभी राहते. मेर्लो-पाँतीने १९४५ मध्ये आंधळ्या माणसाच्या काठीबद्दल तेच सांगितलं : काठीचं टोक हेच त्याच्या स्पर्शाचं ठिकाण होतं. आम्ही हे वर्षानुवर्षं वर्गात शिकवलं. विद्यार्थ्यांपैकी हातोडी कोणी धरलेली नसायची, आणि काठीचं उदाहरण दयेच्या सुरात ऐकलं जायचं. मग एकदा म्हटलं, माऊस अडखळतो तेव्हा काय होतं? लगेच कळलं. बाण चालतो तेव्हा हात विसरलेला असतो. धूळ अडकली की हात, टेबल, वायर सगळं एकदम परत येतं.

मग आमचं मनगट दुखू लागलं. डॉक्टरांनी माऊस कमी करा म्हटलं. पुतण्या अमेरिकेत होता, त्याने केन्सिंग्टनचा मोठ्या गोळ्याचा ट्रॅकबॉल आणून दिला. या कंपनीने १९८६ मध्ये टर्बो माऊस नावाने तो मॅकिंटॉशसाठी काढला होता, पुढे इतर संगणकांसाठी एक्स्पर्ट माऊस. गोळा अमेरिकी बिलियर्डच्या चेंडूएवढा. तो त्या मापाचाच होता, म्हणून काही हौशी लोक त्यात खरोखरच आठ नंबरचा काळा चेंडू बसवत.

पहिले चार दिवस वैताग. पाचव्या दिवशी कळलं की हात हलतच नाही. हात तिथेच, बोटं फिरतात. गोळ्याला कड नाही, सुरुवात नाही. माऊसला टेबल लागतं, टेबल संपतं. गोळा संपत नाही. आणि जड गोळ्याला टिचकी मारली की तो आपल्याच गतीने फिरत राहतो, बाण पडद्याच्या पार टोकाला जातो, मग बोट हलकेच टेकवून थांबवायचं. इथे अरुंधती आठवते की नाही? आधी भिरकावणं, मग बारीक शोध. मानसशास्त्रात रॉबर्ट वुडवर्थने १८९९ मध्येच हे मोजून दाखवलं होतं, की नेम धरलेल्या हालचालीचे दोन भाग असतात : आधी एक आंधळी झेप, मग नजरेने केलेली दुरुस्ती. १९५४ मध्ये पॉल फिट्सने त्याचा हिशोब मांडला. लक्ष्य जितकं दूर आणि जितकं लहान तितका वेळ जास्त. पण अंतर दुप्पट झालं म्हणून वेळ दुप्पट होत नाही, ठरावीक थोडासाच वाढतो. १९७८ मध्ये कार्ड, इंग्लिश आणि बर यांनी या नियमाने माऊस तपासला आणि तो उघड्या हाताच्या वेगाच्या जवळ जातो असं आढळलं. मॅकिंटॉशची यादी पडद्याच्या अगदी वरच्या कडेला का चिकटवलेली असते, तेही यातूनच कळतं. कडेपलीकडे बाण जाऊच शकत नाही, म्हणून कडेवरचं लक्ष्य हाताला जणू अमर्याद उंच असतं. कितीही जोरात भिरकावा, नेम चुकत नाही.

ट्रॅकबॉलचे दोष नाहीत असं नाही. ओढण्याचं काम त्यावर त्रासाचं. अंगठ्याने बटण दाबून ठेवायचं आणि त्याच हाताच्या बोटांनी गोळा फिरवायचा, म्हणजे एकाच हाताने जानवं धरून पळी धरण्यासारखं. सही करायची तर विसराच. आणि खोबणीत बोटांचा मळ साचतो, तीन छोट्या आधारमण्यांवर तो चढला की गोळा घासत चालतो. पण गोळा वरूनच उचलता येतो, पुसून परत ठेवला की झालं.

खेळांच्या यंत्रांतही तो होता. अटारीचं मिसाइल कमांड १९८० चं, सेंटिपीड १९८१ चं. पोरं तळहाताने गोळा असा जोरात फिरवायची की यंत्र हलायचं. लॅपटॉपमध्ये त्याचा काळ छोटा. ॲपलच्या १९९१ च्या पॉवरबुकमध्ये कळफलक मागे सरकवून पुढे मधोमध गोळा बसवला होता आणि दोन्ही बाजूंना मनगटं टेकायला जागा. आज तुमच्या लॅपटॉपवर मनगटं टेकायची जी जागा आहे, ती त्या मांडणीतून रूढ झाली. १९९४ मध्ये त्याच घराण्यात गोळ्याच्या जागी स्पर्शपट्टी आली आणि गोळा गेला. आयबीएमने १९९२ मध्ये थिंकपॅडच्या कळांच्या मध्ये लाल टोपीचा बारीक खुंटा बसवला. टेड सेल्करचा तो शोध. टाइप करताना हात माऊसकडे न्यायला पाऊण सेकंदाच्या आसपास जातो, ते वाचवायचं हा त्याचा हेतू. गोळ्याने शेवटचा मोठा डाव मांडला तो २००६ च्या ब्लॅकबेरी पर्लमध्ये, मोत्याएवढा पांढरा गोळा. मग फोनला बोटच लागू लागलं.

बोटाने थेट काचेवर दाखवणं नैसर्गिक, हे आम्ही खूप ऐकतो. अर्धंच खरं आहे. पूर्वीच्या प्रकाशलेखणीचा त्रास हाच होता, उभ्या पडद्यासमोर हात अधांतरी धरून खांदा भरून येतो. या दुखण्याला संगणकवाल्यांनी 'गोरिलाचा हात' असं नाव ठेवलं आहे. शिवाय ज्याच्याकडे दाखवायचं तेच बोटाखाली झाकलं जातं. चंद्र दाखवताना बोट चंद्रावर ठेवत नाहीत.

म्हणून जिथे चूक चालत नाही तिथे गोळा टिकला आहे. जहाजांच्या रडारवर आहे, हवाई नियंत्रणात आहे. आणि तुमच्यापैकी बहुतेकांनी तो पाहिला आहे, फक्त तिकडे लक्ष गेलं नसेल : सोनोग्राफीच्या यंत्रावर. डॉक्टरांच्या एका हातात पोटावर फिरवायचं साधन, डोळे पडद्यावर, दुसरा हात न बघता गोळ्यावर. एक फुली मांडीच्या हाडाच्या एका टोकाला, दुसरी दुसऱ्या टोकाला, आणि बाळाचं वय येतं. तिथे माऊस सरपटवायला जागा नाही, जेलने माखलेलं बोट काचेवर लावून मिलिमीटर मोजता येत नाहीत.

शेवटी आमच्या एका सहकाऱ्यांबद्दल सांगतो, मग प्रश्न घेऊ. न्यायदर्शन शिकवायचे. निवृत्तीनंतर पक्षाघात झाला, उजवी बाजू गेली, बोलणंही तुटक. न्यायातल्या पारिभाषिक शब्दांची सूची अर्धी झालेली होती. माऊस डाव्या हाताला देऊन पाहिला. पलंगावर सपाट जागा नाही, तो घसरायचा. नातवाने टॅबलेट आणला. हात टेकवला की भलतंच काही उघडायचं, आणि न टेकवता तो थरथरायचा. सर दोन दिवसांत टॅबलेटकडे बघेनासे झाले. मग आम्ही आमचा गोळा नेला. पोळपाटाएवढी फळी घेतली, तिला खाली उशी शिवून घेतली, वर गोळा पक्का केला. वेग अगदी कमी ठेवला. ओढायचं काम पडू नये म्हणून एकदा दाबलं की धरलेलं राहील आणि परत दाबलं की सुटेल, अशी सोय करून घेतली. पडद्यावरच्या कळफलकावर एकेक अक्षर. पूर्ण तळहात गोळ्यावर टेकलेला, त्यामुळे थरथर गोळ्याच्या वजनात जिरायची. पहिल्या दिवशी त्यांनी 'अवच्छेदक' एवढा एकच शब्द लिहिला. त्याला वीस मिनिटं लागली. वहिनी म्हणाल्या, दमलात, आता पुरे. त्यांनी मान हलवली, गोळा परत फिरवला आणि बाण पुढच्या ओळीवर नेला.

सूची सव्वादोन वर्षांत पुरी झाली. तो गोळा आम्ही परत मागितला नाही. हा टेबलावरचा नंतर घेतलेला आहे, जरा हलका आहे. ज्यांना हात लावून बघायचा असेल त्यांनी पुढे या. हं, तुमचा प्रश्न?